झोळीखालून वारा गेला पाहिजे

पत्र: ताई, आम्ही पुण्याचे. गेल्या मे महिन्यात नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि मी दिवेआगरला एका वाडीत तंबू ठोकून दोन रात्री राहिलो. दोन्ही रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. घामाने कपडे पिळून काढण्याजोगे झाले होते. पहाटे तीनला मी एकटीच बाहेर येऊन पायरीवर बसले. यंदा ह्यांनी दोन झाडांमध्ये टांगून झोपायचे तीन हॅमॉक आणलेत, चांगले दुहेरी कापडाचे, चेन लावायच्या मच्छरदाणीसकट. मुलगा रोज दिवस मोजतोय. मी ४८ वर्षांची आहे. वर्षभरापासून रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, छाती-मान भाजल्यासारखी होते. घरात पंख्याखाली निभतं. तिकडे काय करू? हे दोघांनाही मी सांगितलेलं नाही. ओली चादर अंगावर घेऊन झोपावं असं मैत्रीण म्हणते. जाऊ की काही कारण काढून घरी राहू?

उत्तर:

जा. कारण काढू नका. पण गेल्या वर्षी जिथे आणि जशा झोपलात, तिथे आणि तशा झोपू नका. वाफांबद्दल पुढे नीट लिहिते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती अगदी शेवटी, घाईघाईने लिहिली आहे.

आधी ओल्या चादरीचं बोलू. मी मूळची यवतमाळची. आमच्याकडे मे महिन्यात ओला पंचा मानेवर टाकला की जीव गार होतो, कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडलं की खोली बदलून जाते, माठातलं पाणी दुपारी प्यावं तर दाताला लागतं. हे सगळं एकाच गोष्टीवर चालतं: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. तीच सवय घेऊन मी पहिल्यांदा गुहागरजवळ झोळीत झोपले तेव्हा चादर भिजवून अंगावर घेतली. पहाटेपर्यंत ती चादर ओलीच होती आणि मी तिच्याखाली शिजत होते. दमट हवेत पाणी उडत नाही. मग ओलं कापड म्हणजे नुसतं आणखी एक पांघरूण, तेही वारा अडवणारं.

आकड्यांत सांगते, म्हणजे मैत्रिणीलाही सांगता येईल. विदर्भातल्या कोरड्या दुपारी हवा ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वाऱ्यात धरलेलं ओलं कापड साधारण २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. तुमच्या दिवेआगरच्या रात्री हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर तेच कापड २६ अंशांच्या खाली जाणारच नाही. तिकडे १९ अंशांचा फायदा, इकडे फक्त २ अंशांचा. मैत्रीण चुकीचं सांगत नाही. तिचा सल्ला घाटावरचा आहे आणि तुम्ही घाट उतरून जाणार आहात, एवढंच.

घामाचंही तसंच. जो घाम अंगावरच उडून जातो तोच गार करतो. ठिबकून खाली पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता जवळजवळ नेतच नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या रात्री तुम्हाला थंड हवा शोधायची नाही, ती तिथे नाहीच. शोधायची आहे हलती हवा. अंगाजवळचा दमट, तापलेला थर वाऱ्याने सतत बाजूला सरकत राहिला तर २८ अंशांतही झोप लागते. तो थर तिथेच राहिला तर २५ अंशांतही लागत नाही.

आता तंबूत काय झालं ते बघा. झोपलेला माणूससुद्धा साधारण ७५ वॅटची उष्णता सोडत असतो. तिघे मिळून सव्वादोनशे वॅट, शिवाय तिघांच्या श्वासाची आणि घामाची वाफ, आणि हे सगळं एका नायलॉनच्या पिशवीत बंद. वरचं पावसाळी आवरणही लावलेलं असणार. तुमच्या शरीराचा काही दोष नव्हता.

झोळीची खरी कमाई इथे आहे. (तुम्ही हॅमॉक म्हणता, मी झोळीच म्हणते. आमच्या शेतात कामाला येणाऱ्या बाया लुगड्याची झोळी बाभळीला बांधून त्यात लेकरू निजवायच्या. भर उन्हाळ्यात सावलीतलं ते पोर घामेजलेलं मी क्वचितच पाहिलं. खालून, बाजूने, सगळीकडून वारा आणि कापड झिरझिरीत.) थंडीत झोळीत झोपणाऱ्यांची तक्रार हीच असते की पाठीखालून गारठा येतो, म्हणून ते झोळीखाली रजई बांधतात. त्यांची ती तक्रार म्हणजे तुमचा फायदा. पाठ जमिनीला टेकलेली नाही, खालून हवा जाते. हा एक फायदा जपायचा. झोळीच्या बाबतीत बाकी जे काही ठरवाल ते यावरून ठरवा: यामुळे खालून वारा जाईल का अडेल?

म्हणून ह्यांनी आणलेल्या दुहेरी कापडाबद्दल मला वाईट वाटतं, कारण त्यांनी ते प्रेमाने आणि पैसे घालून आणलंय. दोन थरांच्या मध्ये गादी किंवा फोम सरकवण्यासाठी ती रचना मुख्यतः असते, म्हणजे ती थंडीच्या सोयीची आहे. दोन थरांमध्ये हवा अडकते आणि पाठ भिजते. दुकानदार बदलून देत असेल तर एकपदरी घ्या. नसेल देत, तर निदान तुमच्या एकीपुरती दोऱ्यांची विणलेली जाळीदार झोळी घ्या, सुती दोरीची मिळाली तर फारच छान. मेक्सिकोतल्या युकातान भागात, जिथली हवा आपल्या कोकणासारखीच दमट-उष्ण आहे, अनेक घरांत लोक अशाच जाळीच्या झोळ्यांत रात्री झोपतात. जाळीतून पाठीचा घामही उडतो. जाळीवर चादर मात्र अंथरू नका, सगळ्यावर पाणी फिरेल. दोरा रुततो असं वाटलं तर अंगात सैल मलमलचा सदरा घाला.

झोळीत झोपायचं कसं, याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. सरळ, दोरीच्या रेषेत झोपलात तर कापड दोन्ही बाजूंनी वर येऊन तुम्हाला गुंडाळतं. शेंगेतल्या दाण्यासारखी गत होते आणि वारा डोक्यावरून निघून जातो. तिरकं झोपायचं: डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. मग कापड सपाट पसरतं, पाठ सरळ राहते, हात-पाय एकमेकांपासून आणि अंगापासून सुटे राहतात. यासाठी झोळी निदान ३ मीटर लांब आणि चांगली रुंद हवी, आणि ती ताणून बांधायची नाही. झाडाला बांधायचे पट्टे जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करतील इतका झोल ठेवा. दोन टोकांच्या मध्ये वरून एक बारीक दोरी कायमची बांधून टाकली, ३ मीटरच्या झोळीला सुमारे अडीच मीटरची, तर झाडं जवळ असोत की लांब, झोल दरवेळी तेवढाच राहतो. त्याच दोरीवर पुढे तुमचा पंखा टांगायचा आहे. पायाकडची बाजू वीतभर उंच ठेवा, म्हणजे रात्री घसरून मध्ये गोळा होत नाही. बसल्यावर झोळी जमिनीपासून दीड फूट राहिली की पुरे. पट्टे निदान इंचभर रुंद असावेत, नुसती दोरी सालीत रुतते आणि झाडाला इजा होते.

जागेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण गेल्या वर्षीची तुमची चूक तिथे झाली आणि ती कोणाचीही होईल. दुपारी कोकणातल्या वाडीत शिरलं की स्वर्ग वाटतो. सुपारीची दाट सावली, पाटाने खेळवलेलं पाणी, पायाखाली गारवा. माणूस तिथेच मुक्काम ठरवतो. रात्री तीच वाडी घुसमटते. दिवसभर शिंपलेल्या पाण्याची वाफ झाडांच्या छताखाली कोंडून राहते, चारही बाजूंचे गडगे आणि दाटी वारा अडवतात, वरच्या झावळ्यांमुळे जमिनीची उष्णता मोकळ्या आभाळाकडे निघून जात नाही. डास तर तिथलेच रहिवासी. दिवसाची जागा आणि रात्रीची जागा वेगळी असली पाहिजे. दुपारच्या वामकुक्षीला वाडीत झोळी बांधा. सूर्य कलला की ती सोडा आणि रात्रीसाठी मोकळ्यावर न्या.

मोकळ्यावर म्हणजे कुठे? शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. हिवाळ्यात पहाटे हा मतलई चांगला जाणवतो. मे महिन्यात मात्र समुद्राचं पाणीच २९-३० अंश असतं आणि किनाऱ्यावरची जमीन रात्री २६-२७ च्या खाली फारशी उतरत नाही. फरक एवढासा, म्हणून मतलई फिका. संध्याकाळी खारा वारा मंदावल्यापासून कधीकधी मध्यरात्र उलटेपर्यंत पान हलत नाही. गेल्या वर्षी पहाटे तीनला पायरीवर येऊन बसेपर्यंत तुम्ही हेच सोसलं असणार.

त्यामुळे जो थोडा वारा आहे तो तुमच्यापर्यंत पोचेल अशी जागा हवी. समुद्राला लागून सुरूचं बन असेल तर त्याच्या समुद्राकडच्या पहिल्या काही रांगा. आत खोल गेलात की वारा मरतो. झोळी किनाऱ्याच्या रेषेला समांतर बांधा, म्हणजे वारा समुद्राकडून आला काय, जमिनीकडून आला काय, तुमच्या अंगावरून आडवा जाईल आणि झोळीच्या पोटाखालूनही जाईल. दोन-तीन जागा मनात धरून रात्री नऊच्या सुमाराला प्रत्येक ठिकाणी एक उदबत्ती लावून बघा. धूर सरळ वर चढून तिथेच घोटाळत असेल तर ती जागा सोडा. धूर एका अंगाला वाकत असेल तर तिथे बांधा. बघून झालं की उदबत्ती पाण्यात विझवा, सुरूच्या वाळक्या काड्यांचा थर पटकन पेट घेतो.

मात्र सुरूचं झाड निवडताना मुळांकडे बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यातली सुरूची बनं आणि सुपारीच्या बागा किती झोडपल्या हे तिथल्या कोणालाही विचारा. लाटांनी वाळू नेऊन मुळं उघडी पडलेलं, कललेलं, बुंध्याला पोकळ लागणारं झाड नको. मांडीएवढ्या जाडीचं, जिवंत, सरळ झाड घ्या. एका झाडाला दोन झोळ्या बांधू नका. वर वाळकी फांदी लटकत नाही ना, आग्या मोहोळ नाही ना, हे उजेड असतानाच बघायचं. मोहोळ दिसलं तर ती जागाच सोडा, उदबत्तीचा धूर तर तिथे अजिबात नको. नारळाला झोळी बांधूच नका. नारळ आणि झाप कधी पडेल याचा भरवसा झाडाच्या मालकालाही नसतो. आंब्याला बांधायची झाली तर आधी पानांचे चिकटवलेले गोळे शोधा. त्यांत तांबड्या मुंग्या असतात, आणि पट्टा म्हणजे त्यांना तुमच्यापर्यंत आयता रस्ता. जागा खाजगी असेल तर मालकाला विचारा, बन वनखात्याचं असेल तर परवानगीशिवाय मुक्काम करू नका. गावात विचारलं की कोणाची जागा ते पाच मिनिटांत कळतं.

आता वारा पडलेल्या त्या तासांचं. त्यासाठी एकच यंत्र न्या: यूएसबीवर चालणारा छोटा पंखा. तो साधारण ३ वॅट खातो. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ३७ वॅट-तास. वायाला जाणारी वीज धरूनही पंखा ८ ते १० तास चालतो, म्हणजे रात्र निघते. वरच्या दोरीवर पोटऱ्यांच्या अंगाला टांगा आणि तोंड आपल्याकडे, पायाकडून छातीकडे वारा येईल असं करा. मला स्वतःला रानात यंत्र नेणं आवडत नाही, तरी मे महिन्यातल्या कोकणात मी पंखा नेते आणि तुम्हालाही न्यायला सांगते. तिघांना तीन पंखे, तीन पॉवर बँका. तुमचा पंखा कोणी उसना मागणार नाही हे निघण्याआधीच ठरवा.

मच्छरदाणी टाळता येणार नाही, पण ती वाऱ्याचा बराच भाग खाते. चेनवाली जाळी तोंडाजवळ चिकटून असते, ती नको. सुटी, मोठी, वरच्या दोरीवरून खाली सोडलेली आणि झोळीला खालूनही वेढणारी जाळी घ्या. खालून का, तर पातळ कापड पाठीला चिकटलं की डास कापडातून चावतात. पावसाची शक्यता नसेल तर वर ताडपत्री बांधू नका. मोकळं आभाळ रात्री तुमची उष्णता ओढून घेतं, ताडपत्री ती परत खाली पाठवते. बांधावीच लागली तर हात वर करून पोचेल इतकी उंच आणि दोन्ही बाजू उचललेली.

झोपण्यापूर्वीची आंघोळ हे माझं सगळ्यात आवडतं औषध. मघाशी ओल्या चादरीला नाही म्हटलं आणि आता आंघोळ सांगते, यात विसंगती नाही. चादर पाणी उडण्यावर अवलंबून असते. अंगावर ओतलेलं पाणी उष्णता घेऊन वाहून जातं, हवा कितीही दमट असो. विहिरीचं पाणी मे महिन्यातही २७-२८ अंशांच्या आसपास, आणि आपली त्वचा ३४-३५. झोपायच्या अर्धा तास आधी विहिरीवर बसून दहा-पंधरा मिनिटं सावकाश तांब्या-तांब्याने पाणी घ्या. डोक्यावर, मानेवर, आणि विशेषतः तळहात-तळपायांवर. झोप यायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि शरीर ती उष्णता मुख्यतः तळहात-तळपायांतून बाहेर टाकतं. समुद्रात डुंबलात तरी शेवटी गोड्या पाण्याने अंग धुवा. मिठाचा थर ओलावा धरून ठेवतो आणि मग झोळीत अंग चिकचिकतं. केस पूर्ण वर बांधा, मान मोकळी.

दुसरं औषध बर्फाचं. जिथे जेवता त्या घरी विनंती करा आणि एक लिटरच्या दोन बाटल्या सकाळीच फ्रीजरमध्ये ठेवायला द्या (पाऊण भरून, नाहीतर फुगून फुटतात). रात्री एक बाटली सुक्या पंचात गुंडाळून झोळीत घ्यायची, मांड्यांच्या मध्ये किंवा काखेत. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या वरच असतात. पाऊण लिटर पाण्याचा बर्फ वितळून हवेइतका कोमट होईपर्यंत जेवढी उष्णता ओढतो, ती झोपलेल्या माणसाच्या सुमारे सव्वा तासाच्या उष्णतेएवढी असते. झोप लागायला तेवढं पुष्कळ झालं. दुसरी बाटली थर्माकोलच्या डब्यात, रात्री तुम्हाला वाफ येईल तेव्हासाठी. सकाळी तेच पाणी प्या.

आणि आता त्या वाफांबद्दल.

४८ व्या वर्षी रात्री असं होणं हे पाळी जाण्याच्या काळातलं अगदी नेहमीचं लक्षण आहे. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग या काळात फार हळवा होतो. एरवी ज्या किंचित उकाड्याकडे त्याने लक्षही दिलं नसतं, त्यावर तो शरीर पेटल्यासारखा हुकूम सोडतो: रक्तवाहिन्या उघडा, घाम काढा. म्हणून उकाड्यात वाफा जास्त येतात. म्हणजे वर सांगितलेलं सगळं तुमच्यासाठी इतरांपेक्षा दुप्पट कामाचं आहे. रात्री तिखट आणि गरमागरम जेवण, चहा-कॉफी, मद्य यांनी अनेकींना वाफा वाढतात. म्हणून माशाचं झणझणीत कालवण दुपारी खा. रात्री लवकर, सातपर्यंत, भात आणि सोलकढी किंवा ताक. शेकोटी हवीच असा मुलाचा हट्ट असेल तर पेटवू दे, तुम्ही लांब बसा.

वाफ आली की झोळीत झुंजत पडू नका. पाय खाली सोडून कडेवर बसा, गार बाटली मानेला लावा, पंखा तोंडावर घ्या, श्वास संथ ठेवा. काही मिनिटांत ती ओसरते, मागोमाग थोडी हुडहुडीही भरू शकते, त्यासाठी एक सुका, पातळ पंचा हाताशी ठेवा. या वाफा वर्षभर तुमची झोप मोडत असतील तर सहलीआधीच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. यावर उपचार आहेत, आणि नुसतं सोसणं हा काही उपचार नव्हे. रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उकाड्यात किती पाणी, किती मीठ घ्यायचं तेही त्याच वेळी विचारा.

आणि त्या दोघांना सांगा. मोठं प्रकरण करायची गरज नाही. “मला रात्री मध्येच खूप गरम होतं, वयाचं आहे, मी उठून बसले तर घाबरू नका, फक्त पाणी द्या,” एवढं पुरे. हे सांगणं नुसतं मन मोकळं करण्यापुरतं नाही, ते सुरक्षिततेचंही आहे. वाफ आणि उष्माघात यातला फरक शेजारच्या झोळीतल्या माणसाला कळायला हवा. वाफ येते आणि जाते. डोकं दुखणं, मळमळ, पोटरीत गोळे, गळून जाणं हे थांबत नसेल तर तो उन्हाळा लागल्याचा त्रास आहे: आडवं व्हा, अंगावर पाणी, वारा, आणि घोट-घोट मीठ-साखर-पाणी. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागला, शुद्ध हरपली, तर घाम असो वा नसो, भरपूर पाणी ओतत, वारा घालत १०८ ला फोन करायचा आणि तोंडाने काही पाजायचं नाही. हे चौदा वर्षांच्या मुलाला येऊ द्या. त्या वयाची मुलं अशी जबाबदारी चोख पाळतात. आईच्या शरीराचं त्याच्यापासून झाकून ठेवण्यासारखं यात काहीही नाही.

रात्री पाण्यासाठी, वाऱ्यासाठी उतरणं होणारच. कोकणात फुरसं हा विषारी साप आहे आणि उष्ण रात्री तो हिंडतो. चपला नको, बूट घ्या, ते पट्ट्याला उलटे टांगून ठेवा. झटकून घातल्याशिवाय आणि बॅटरी लावल्याशिवाय पाय जमिनीला लावायचा नाही, अगदी वाफेने जीव घाबरा झाला तरी.

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा असेल तर वळवाचा पाऊस धरून चाला. उकाडा असह्य झाला, ढग काळे झाले, एकदम गार वारा सुटला की सगळ्यांना हायसं वाटतं आणि माणसं झोळीतच पडून राहतात. नेमकं तेव्हा उतरायचं. तुम्ही दोन झाडांना बांधलेल्या आहात आणि विजेला झाडंच आवडतात. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास वीज पडत असेल तर सूचना देतं, ते तिघांच्याही फोनमध्ये टाकून घ्या.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, एवढं करण्यापेक्षा जागाच बदलली तर? तोही चांगला विचार आहे. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. भंडारदऱ्यासारखं साडेसातशे मीटरच्या आसपासचं ठिकाण म्हणजे रात्री किनाऱ्यापेक्षा पाचेक अंश कमी, हवा कोरडी आणि वारा बहुतेक वेळा हलता. तिथे मैत्रिणीचा ओला पंचाही थोडा उपयोगी पडेल. मेच्या अखेरीस काजवेही दिसतात, तेव्हा गर्दी खूप असते. पण मुलाला समुद्रच हवा असेल, आणि पत्रावरून तसंच दिसतं, तर समुद्रावरच जा. फक्त मेऐवजी फेब्रुवारीत गेलात तर पहाटेचा मतलई चांगला मिळेल.

निघण्याआधी आठवडाभर घरी दोन गोष्टी करा. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास घाम येईल असं चाला, शरीर उकाड्याला सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणि एक रात्र झोळी गच्चीत किंवा अंगणात बांधून तिच्यात झोपा. तिरकं झोपणं, अंधारात उतरणं, पंखा कुठे टांगायचा, हे तिथेच जमवून घ्या.

झोळ्या सकाळी साडेसातच्या आत सोडा. सुरूच्या बनात सकाळचं ऊन तिरकं, बुंध्यांच्या मधून थेट आत शिरतं, आणि रात्री मुश्किलीने मिळालेला गारवा अर्ध्या तासात जातो. त्या वेळी मुलाला झोळ्या गुंडाळायला लावा आणि तुम्ही पाण्यात जा.